माणसांची सोबत आणि मनाचं आरोग्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर आठवड्याला भरणाऱ्या एका आधारगटाचं काम मी बरीच वर्षं करते आहे. खुर्च्या गोल मांडायच्या, नवख्या माणसाला बसतं करायचं आणि ऐकायचं, एवढंच ते काम. तिथे लोक जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. काही प्रश्न सगळ्यांसमोर येतात, काही निघताना दाराशी, हळू आवाजात. दाराशी येणाऱ्या प्रश्नांना इथे जास्त जागा दिली आहे.

सोबतीचा आणि मानसिक आरोग्याचा खरंच काही संबंध आहे, की हे नुसतं बोलायला बरं?

संबंध आहे आणि तो पुष्कळ तपासून झाला आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी १८९७ सालीच मांडलं होतं की आत्महत्येसारखी अगदी खासगी वाटणारी गोष्टसुद्धा माणूस आपल्या समाजाशी किती बांधलेला आहे यावर अवलंबून असते. पुढे १९७९ साली लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीतल्या सुमारे सात हजार प्रौढांची नऊ वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. नात्यागोत्याचे, मैत्रीचे, मंडळांचे धागे ज्यांचे सगळ्यात कमी होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात जास्त धागे असलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघालं. २०१० साली ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी असे १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून जास्त माणसं होती. ज्यांचे संबंध घट्ट, त्यांची पाहणीच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा भेडसावतो आहे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. एकट्या पडलेल्या माणसाला नैराश्य गाठतं, आणि नैराश्यात असलेला माणूस आपणहून सगळ्यांपासून बाजूला होतो. त्यामुळे 'तू लोकांत मिसळत नाहीस म्हणून तुझं असं झालं' हे वाक्य कुणालाही ऐकवू नका. बऱ्याच वेळा ते उलटं असतं.

कुणी नुसतं शेजारी बसल्याने काय फरक पडतो? प्रश्न तर तसेच राहतात.

प्रश्न तसेच राहतात, पण ते पेलणारं शरीर तसंच राहत नाही. जेम्स कोन यांनी २००६ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवून सांगितलं, की आता तुम्हाला विजेचा हलका झटका बसण्याची शक्यता आहे. एकदा त्यांनी कुणाचाच हात धरलेला नव्हता, एकदा अनोळखी माणसाचा आणि एकदा नवऱ्याचा. हातात हात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ कमी झाली. नवऱ्याच्या हाताने ती सगळ्यात जास्त कमी झाली, आणि ज्यांचं एकमेकांशी चांगलं पटत होतं त्यांच्यात तर आणखीच. झटक्याची शक्यता तिन्ही वेळा तेवढीच होती.

याची दुसरी बाजूही तपासलेली आहे. नाओमी आयझेनबर्गर यांच्या २००३ सालच्या प्रयोगात संगणकावर चेंडू टाकण्याचा एक साधा खेळ होता. थोड्या वेळाने बाकीचे खेळाडू त्या माणसाकडे चेंडू टाकणंच बंद करायचे. एवढ्याशा डावलण्याने मेंदूचा जो भाग चाळवला, तो शारीरिक वेदनेच्या त्रासाशीही जोडलेला आहे. 'मला बोलावलं नाही' हे मनाला लागतं, त्याला पोरकटपणा समजू नये.

याखेरीज साध्या गोष्टी आहेतच. कुणीतरी येणार म्हणून माणूस उठतो, आंघोळ करतो, दोन घास खातो. डोक्यात फिरणारा विचार मोठ्याने बोलला की त्याचा आकार कळतो. पुष्कळदा तो वाटला होता त्याहून लहान निघतो.

एकटं राहायला आवडणं हा आजार आहे का?

नाही. एकांत आपण निवडतो, एकटेपणा आपल्यावर येऊन पडतो. एकांतातून माणूस ताजा होऊन बाहेर येतो. तुमचा एकांत तसा असेल तर त्याचं कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

एकटेपणा म्हणजे हवी असलेली जवळीक आणि मिळत असलेली जवळीक यांमधलं अंतर. बरीच वर्षं यावर काम केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅचिओपो त्याची तुलना भूक-तहानेशी करत. भूक लागली म्हणून कुणी स्वतःला दुबळं म्हणत नाही. शरीर काहीतरी मागतं आहे, एवढाच तिचा अर्थ.

घरात भरपूर माणसं आहेत, तरी मला एकटं का वाटतं?

दाराशी सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा अपराधीपणा असतो. सगळं असून मी कृतघ्न आहे की काय, असा.

रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एकात जिवाभावाचं माणूस नसतं, दुसऱ्यात आपली म्हणावी अशी मंडळी नसतात. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. म्हणून मोठा गोतावळा असलेला माणूसही आतून एकटा असू शकतो, आणि जोडीदारावर जीव असलेला माणूस नव्या गावात गेल्यावर सैरभैर होऊ शकतो.

आमच्या गटातल्या एका बाईंनी सांगितलेलं माझ्या मनातून जात नाही. घरात सहा जण. एकदा त्यांनी ठरवून मोजलं, की दिवसभरात कामाव्यतिरिक्त आपल्याशी कोण किती वाक्यं बोलतं. चार्जर कुठाय, उद्या किती वाजता उठवशील, ते बिल भरलंस का, हे सोडून. तीन दिवस आकडा शून्य आला. चौथ्या दिवशी धाकट्या मुलीने जाता जाता विचारलं, "आई, तुझा आवाज बसलाय का गं?" बाई म्हणाल्या, मी नळ सुरू ठेवला आणि तिथेच उभी राहून रडले.

जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७८ साली लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास मांडला, तोही हेच सांगतो. आयुष्यात मोठा आघात झालेल्या स्त्रियांमध्ये, जिच्याजवळ मन मोकळं करायला अगदी जवळचं माणूस होतं ती नैराश्यातून जास्त वेळा वाचली. घरात माणसं किती आहेत यापेक्षा त्यातलं एक तरी ऐकणारं आहे का, हे बघा. आणि तुमच्या घरात कोण असं मोजत असेल, हेही.

मग किती माणसं लागतात?

थोडी. रॉबिन डनबार यांच्या मांडणीत माणसाची वर्तुळं साधारण ५, १५, ५० आणि १५० अशी वाढत जातात. रात्री दोन वाजता फोन करावा अशी माणसं सगळ्यात आतल्या वर्तुळातली. तुमची पाच नसून दोनच असतील तरी घाबरू नका. एकही नसेल, तर मात्र त्याकडे काम म्हणून बघा.

बाहेरच्या वर्तुळांनाही कमी लेखू नका. रोज त्याच वेळी फिरायला येणारे आजोबा, वाचनालयातल्या बाई, बसमध्ये नेहमी दिसणारा चेहरा. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं की नोकरीची बातमीसुद्धा बऱ्याचदा अशा विरळ ओळखींतूनच येते. मनाच्या बाबतीतही, ज्या दिवशी जवळच्यांशी बोलायची ताकद नसते त्या दिवशी असा एखादा नमस्कार पुरतो.

मोठं झाल्यावर नवी मैत्री होते तरी कशी?

पुन्हा पुन्हा त्याच जागी, त्याच वेळी, त्याच माणसांत गेल्याने. मला तरी दुसरा मार्ग दिसलेला नाही. जेफ्री हॉल यांनी २०१८ साली काढलेल्या अंदाजाप्रमाणे ओळखीची साधी मैत्री व्हायला ५० तासांच्या आसपास एकत्र घालवावे लागतात आणि घट्ट मैत्रीला २०० तासांहून जास्त. लहानपणी हे तास शाळा आपोआप देते. पुढे ते आपले आपण काढावे लागतात. म्हणून एखाद्या कार्यक्रमाला एकदा जाऊन 'माझं काही जमलं नाही' असं ठरवू नका. गाणं, खेळ, श्रमदान, भाषेचा वर्ग, काहीही चालेल, पण ठरलेल्या दिवशी भरणारं हवं आणि हातांना काम देणारं असेल तर उत्तम. सगळ्यांचं लक्ष कामाकडे असलं की बोलणं सोपं जातं.

एक तरुण आमच्याकडे ओळीने पाच आठवडे आला. दाराजवळची खुर्ची, मांडीवर हेल्मेट, आणि संपायच्या दहा मिनिटं आधी गायब. एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, याला इथे काही मिळत नाही. सहाव्या आठवड्यात तो आला नाही, आणि त्याच्याशी कधीही न बोललेल्या एका काकांनी विचारलं, "तो हेल्मेटवाला नाही आला?" सातव्या आठवड्यात तो दारात दिसला तेव्हा काकाच म्हणाले, "मागच्या वेळी दिसला नाहीस रे." तो काही बोलला नाही. फक्त त्या दिवशी हेल्मेट मांडीवर न ठेवता त्याने खुर्चीखाली सरकवलं आणि शेवटपर्यंत बसला.

समूह माणसाला काय देतो, असं मला कुणी विचारलं की मी हेच सांगते. तुम्ही आला नाहीत तर ते कुणाच्या तरी लक्षात येतं.

मी अबोल आहे. मला हे झेपणारं नाही.

अबोल माणसांना बोलकं करायची गरज नसते. ज्या गटात गप्प बसायची मुभा आहे असा गट शोधा, किंवा एका वेळी एकाच माणसाला भेटा. भेटीची वेळ आधीच ठरवून घ्या, तास-दीड तास. मग निघताना अवघडल्यासारखं होत नाही. मात्र लोकांसमोर जाण्याच्या कल्पनेनेच छातीत धडधडत असेल, घाम फुटत असेल आणि त्यामुळे कामं अडत असतील, तर तो स्वभाव नसून सामाजिक चिंतेचा विकार असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत.

मी फोन केला तर समोरच्याला त्रासच होईल असं वाटतं.

एकटेपणा माणसाकडून हेच वदवून घेतो. बरेच दिवस एकटं राहिलं की मन सावध होतं, समोरच्याच्या साध्या जांभईतही त्याला कंटाळा दिसतो. मग आपण आधीच माघार घेतो आणि एकटेपणा आणखी वाढतो.

प्रत्यक्षात अंदाज चुकतो. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात पहिल्यांदा भेटून बोललेल्या माणसांना विचारलं, की समोरच्याला तुम्ही कितपत आवडलात. सरासरीने लोकांनी तो आकडा खऱ्यापेक्षा कमी सांगितला. पेगी लिउ यांच्या २०२२ सालच्या अभ्यासातही असंच दिसलं: सहज म्हणून केलेली विचारपूस समोरच्याला आपल्या कल्पनेपेक्षा जास्त आवडते, आणि ती अनपेक्षित असेल तर अधिकच. तेव्हा 'त्रास होईल' हा विचार आला की तो तुमचा अंदाज आहे हे स्वतःला सांगा, आणि फोन लावा.

मोबाइलवरच्या गप्पा धरायच्या का?

दूर राहणाऱ्या माणसाशी व्हिडिओ कॉल, आजारातून जाणाऱ्यांचा ऑनलाइन गट, हे नक्की धरा. घराबाहेर पडता न येणाऱ्यांसाठी तर तो जीवच असतो. इतरांचे फोटो नुसते सरकवत बसणं धरू नका. फोन खाली ठेवल्यावर मन भरल्यासारखं वाटतं की रितं, यावरून तुमचं तुम्हाला कळेल.

मन मोकळं केल्यावर उलट जास्त वाईट वाटतं. असं का?

दोन कारणं नेहमी दिसतात. एक म्हणजे चुकीचा माणूस. जो लगेच सल्ला देतो, तुलना करतो किंवा 'त्यात काय एवढं' म्हणतो, त्याच्याकडे जखम उघडी करून आपण परत येतो. दुसरं म्हणजे दोघांनी मिळून तेच तेच उगाळणं. अमांडा रोझ यांनी २००२ साली मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास करताना पाहिलं की अशा उगाळण्याने मैत्री घट्ट होते, पण त्याच वेळी उदासी आणि चिंताही वाढलेली दिसते. बोलून झाल्यावर 'आता काय करता येईल' किंवा 'चल, जरा फिरून येऊ' असं म्हणणारं माणूस त्यातून बाहेर काढतं.

आणि माणसांमुळेच त्रास होत असेल तर?

तर आधी अंतर ठेवा. मारहाण, धाक, सततचा अपमान, पैशांची कोंडी असलेलं नातं टिकवणं मानसिक आरोग्यासाठी चांगलं आहे, असं कुठलाही अभ्यास सांगत नाही. 'शेवटी आपलीच माणसं' हे वाक्य अशा ठिकाणी फार घातक ठरतं. समूहही असा असू शकतो: जिथे प्रश्न विचारायची भीती वाटते, बाहेरची मैत्री तोडायला लावतात आणि निघून जाणाऱ्याला वाळीत टाकतात, तिथून निघणंच बरं. पण शक्यतो एकट्याने निघू नका. बाहेर एक तरी विश्वासाचं माणूस, संस्था किंवा समुपदेशक आधी गाठा.

जवळचं कुणी अगदी गप्प झालं आहे. मी काय बोलू?

जे दिसलं ते सांगा. "हल्ली तू जेवायला बसत नाहीस, रात्री दिवा चालू असतो. मला काळजी वाटते." मग थांबा. ही शांतता जड जाते आणि आपण ती भरून काढायला जातो. तसं करू नका. उत्तर यायला कधी कधी मिनिटभर लागतं.

'सकारात्मक विचार कर' म्हणू नका. 'काही लागलं तर सांग' यापेक्षा "गुरुवारी संध्याकाळी येतो, नुसते बसू" हे कितीतरी चांगलं, कारण नैराश्यातल्या माणसाला मागण्याचंही बळ नसतं.

जीव द्यायचे विचार येत असतील अशी शंका आली तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ते डोक्यात भरेल ही भीती चुकीची आहे. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, आणि कुणीतरी विचारलं म्हणून सुटकेचा श्वास टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. उत्तर 'हो' आलं तर त्यांना एकटं सोडू नका, औषधं, कीटकनाशकं, हत्यारं हाताशी राहणार नाहीत असं बघा, आणि तुमच्या देशातल्या हेल्पलाइनला किंवा तातडीच्या वैद्यकीय सेवेला फोन करा. तो नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा. हे कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका.

चांगले मित्र असतील तर डॉक्टरांची काय गरज?

मित्र डॉक्टरांची जागा घेत नाहीत, डॉक्टर मित्रांची. उदासी, झोप उडणं, कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, भास होत असतील, व्यसन वाढत असेल, तर मनोविकारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. मित्राने सोबत जावं, बाहेरच्या बाकावर बसावं. कित्येक जण पहिल्या भेटीला त्यामुळेच पोचतात.

पण साध्या माणसांची ताकद कुठवर जाते तेही सांगते. झिम्बाब्वेत लाखो लोकांमागे मोजकेच मनोविकारतज्ज्ञ. तिथे डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली 'फ्रेंडशिप बेंच' सुरू केलं. वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण दिलं, आणि त्या दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून, आलेल्या माणसाचे प्रश्न एकेक करून सोडवायला मदत करू लागल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७३ जणांवरच्या चाचणीत सहा महिन्यांनी आज्यांकडे गेलेल्यांची लक्षणं नेहमीची सेवा घेतलेल्यांपेक्षा बरीच कमी होती.

आधारगटात सगळ्यांसमोर रडावं लागतं का?

नाही. नाव सांगायची सक्तीही चांगल्या गटात नसते. ऐकलेलं बाहेर जात नाही, कुणी कुणाला न मागता सल्ला देत नाही, एवढे नियम पहिल्याच दिवशी सांगितले जात नसतील तर दुसरा गट बघा.

आम्ही मित्र होतो, सात-आठ वर्षांत बोलणं नाही. आता काय तोंडाने निरोप पाठवू?

सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोट्टो यांचं काम मला इथे नेहमी आठवतं. १९६९ पासून त्यांनी नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या, पण पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ जणांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. निम्म्यांना पाच वर्षांत मिळून २४ छोटी पत्रं गेली. पत्रात असायचं काय, तर तुम्ही गेलात त्याला काही दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा, वाटलं तर दोन ओळी लिहा. उपदेश नाही, तपासणीला या नाही, मागणी कसलीच नाही. पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कमी राहिलं, आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक सगळ्यात ठळक होता.

तेव्हा खुलासे, माफी, मधल्या सात वर्षांचा हिशेब, यातलं काही पहिल्या निरोपात नको. "आज तुझी आठवण आली. बरा आहेस ना? उत्तराची घाई नाही." एवढं पुरे.

उत्तर नाही आलं तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दोन ओळी टाका. मोट्टोंच्या पत्रांना उत्तर येवो न येवो, पुढचं पत्र ठरल्या वेळी जायचंच.